पहिलं नाव

८ जानेवारी

मामा,

आधी आजूबाजूला कुणी नाही ना ते बघ, मग वाच. हसू नकोस. फोन केला असता, पण हॉस्टेलच्या खोलीत आम्ही चौघी, आणि भिंती अशा की शेजारणीने कूस बदलली तरी ऐकू येतं. ईमेल तर नकोच. प्रयोगशाळेतल्या आम्हा सगळ्यांचे ईमेल सरांच्या ऑफिसातल्या बाईंनी उघडून दिलेत आणि पासवर्डही त्यांच्याकडेच असतात. "तुम्ही मुलं विसरता," म्हणतात. म्हणून हा कागद.

बातमी चांगली आहे. म्हणजे असावी. आमचा लेख तयार झाला आणि त्यावर पहिलं नाव माझं आहे. पहिलं! तू असे लेख छापणाऱ्या जर्नलच्या ऑफिसात असतोस, पहिलं नाव म्हणजे मुख्य काम त्याचं, हे तुला मी काय सांगणार. घरी जाऊन आईला सांगितलं तर तिने जेवायच्या आत अख्ख्या इमारतीत जाहीर केलं. तळमजल्यावरच्या काकू मला डॉक्टर म्हणायला लागल्यात आणि घरी गेले की जिन्यात थांबवून गुडघा दाखवतात.

काम तुला माहीत आहे. ऑपरेशनआधी लहान मुलं रडून गोंधळ घालतात, त्यांना शांत करायचं एक गोड औषध. ते दिल्यावर मुलांचं रक्त घ्यायचं, त्यात औषध किती उतरलं ते मोजायचं, किती दिलेलं चालेल ते ठरवायचं. हा लेख छापला की ठिकठिकाणचे डॉक्टर त्यात बघून औषध देणार.

आता खरं सांगते. ते रक्त मी मोजलेलं नाही. ते मोजलं डुलकीरावाने. मागे तुला सांगितलं होतं ना, दुपारी यंत्राशेजारी बसल्या बसल्या पेंगतो तो. तो एक दिवस अचानक आलाच नाही. सर म्हणाले, सोडून गेला. त्याचं नावही लेखातून गेलं. मी लेख लिहून काढला, शब्द न् शब्द, कारण सर म्हणतात माझी भाषा चांगली आहे. मग सर म्हणाले, "मोजमाप तुझ्या नावावर टाकू. कुणाच्या तरी नावावर टाकावंच लागतं."

तेव्हा मला आनंद झाला, मामा. आनंदच झाला. आता मात्र जेवता जेवता ताट बाजूला सारते. कुणी विचारलं की ते कसं मोजलंस, तर मी काय सांगू?

असं चालतंच ना सगळीकडे? हो म्हण.

तुझी भिंगरी


१५ जानेवारी

भिंगरे,

आजूबाजूला कुणी नाही ते पाहिलं. फक्त तुझी मामी होती, आणि ती म्हणजे कुणी नाही असं म्हणायची माझी छाती नाही. तिने पत्र हातातून ओढून घेतलं, "पहिलं नाव" एवढंच वाचलं आणि तुझ्या आईला फोन लावला. आता दोघी मिळून तुझं लग्नही लावून टाकतील. सांभाळ.

अभिनंदन! एवढीशी होतीस तेव्हा माझ्या चष्म्याच्या डबीत मुंग्या कोंडून त्यांना साखर द्यायचीस आणि कुठली आधी खाते ते बघायचीस. तेव्हाच मी ताईला म्हटलं होतं, ही पोरगी एक तर शास्त्रज्ञ होणार नाहीतर माझा चष्मा फोडणार. दोन्ही झालं.

आता तुझा प्रश्न. चालतं का? चालतं, बाई. ज्यांनी प्रयोगशाळेचं दारही पाहिलं नाही अशांची नावं लेखावर असतात, आणि ज्याने राबराब राबून काम केलं तो कुठेच नसतो. मी टेबलावर रोज बघतो. म्हणून तर आमच्याकडे पद्धत आहे: लेख आला की त्यावरच्या प्रत्येक माणसाला मी वेगळा ईमेल पाठवतो. तुम्ही खरंच लेखक आहात का, लेख वाचलात का, त्यात नेमकं काय केलंत? सगळ्यांचं उत्तर आल्याशिवाय लेख माझ्या टेबलावरून हलत नाही. मोठे मोठे प्राध्यापक चिडतात माझ्यावर. चिडू देत की.

तुझ्या जर्नलवाल्यांचाही असाच ईमेल येईल. त्यात जे केलंस तेच लिही: लेखन केलं. मोजमाप त्या पोराच्या नावावर टाकायला लाव. तुमची तरण्या पोरांची काही भांडणं झाली असतील, ती मिटवा. बाकी फार बाऊ करू नकोस. लेख कुठे पाठवलाय ते कळव.

ताट सारू नकोस, वेळेवर जेव.

मामा


२७ जानेवारी

मामा,

भांडण आमचं नव्हतं. बस आणि वाच.

तू म्हणालास तसा ईमेल येईल म्हणून मी वाट बघत होते. येईना. शेवटी ऑफिसातल्या बाईंकडे गेले. त्या नखं कापत होत्या. म्हणाल्या, "अगं, तुझं 'होय' केव्हाच पाठवलं. सगळ्यांचं मीच पाठवते, दर वेळी. नाहीतर तुम्ही लोक महिना लावता." मी विचारलं, मी काय काम केलं म्हणून लिहिलंत? म्हणाल्या, "सरांनी दिलं ते लिहिलं, मोजमाप आणि लेखन." आणि परत नखं कापायला लागल्या.

म्हणजे मी सही न करताच माझी सही झाली, मामा.

मग मी डुलकीरावाचं सोडून जाणं काय ते शोधायला लागले. आमच्या यंत्रावर बसणारी मुलगी कुजबुजत म्हणाली की तो गेला नाही, त्याला काढला. काही मुलांचा श्वास औषधानंतर मंदावला होता. त्यांच्या रक्तात औषध भलतंच जास्त उतरलं होतं. त्याचं म्हणणं, ही मुलं तक्त्यात राहायलाच हवीत. सर म्हणाले, ते नमुने खराब झाले होते, ती मुलं काढा. हा म्हणाला, खराब नव्हते, मी स्वतः मोजलेत. दुसऱ्या दिवशी त्याचा दाराचा पासच चालेना.

मी रक्ताचे नमुने ठेवायच्या शीतगृहात जाऊन बघितलं. त्याचा कप्पा रिकामा आहे. पुसून स्वच्छ केलाय. मी तिथे उभी असताना मागून दार उघडलं आणि सर आत आले. रागावले नाहीत. "थंडी वाजेल, बाहेर ये," म्हणाले. मग चहा मागवला माझ्यासाठी. सर कधी कुणाला चहा मागवत नाहीत. म्हणाले, "तुझे मामा अजून त्याच जर्नलमध्ये ना? नावं तपासतात तेच?" मुलाखतीच्या वेळी फुशारकी मारायला मीच हे सांगितलं होतं. मी हो म्हटलं. ते म्हणाले, "छान. घरातलं कुणीतरी असलेलं बरं असतं."

मला त्यांच्या त्या छानची भीती वाटते. का ते कळत नाही. काय करू सांग लवकर.

भिंगरी


२ फेब्रुवारी

भिंगरी,

पत्र मिळालं. आत्ता काहीही करू नकोस. कुणाशी बोलू नकोस. त्या मुलाला शोधायला जाऊ नकोस. सरांना उलट प्रश्न विचारू नकोस. तुझी डॉक्टरेट हातात पडायची आहे, ती त्यांच्या सहीने पडणार आहे, हे विसरू नकोस. गपगुमान काम करत राहा. वेळ आली की मी सांगेन.

माझी पत्रं फाडून टाक.

मामीचे आशीर्वाद.

मामा


१४ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र मी कितीदा वाचलं कोण जाणे. अक्षर तुझं आहे, बाकी काही तुझं नाही. मला शाळेत एका पोराने ढकललं होतं तेव्हा आई म्हणाली होती गप्प बस, आणि तू मला हाताला धरून मुख्याध्यापकांच्या खोलीत नेलं होतंस. तोच ना तू? आता म्हणतोस गपगुमान राहा. एक चेष्टा नाही, एक शब्द प्रेमाचा नाही.

तुझं ऐकलं नाही मी. डुलकीरावाकडे गेले.

तो एका औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा असतो. मला बघून गोळ्यांच्या पाकिटांकडे वळला. "तुझं नाव पहिलं आहे ना, मग तुलाच माहीत असणार," म्हणाला. मी तिथेच उभी राहिले, गिऱ्हाइकं गेली तरी. शेवटी बोलला. मुलांची ऑपरेशनं अगदी पहाटे असायची. रक्त घ्यायला तो स्वतः हॉस्पिटलात जायचा, म्हणून दुपारी पेंगायचा. आम्ही त्याला डुलकीराव म्हणून हसत होतो, मामा.

त्याने एक मुलगी पाहिली होती. दोन पायांत दोन वेगवेगळे मोजे घातलेली, घरच्यांनी घाईत आणलं असेल. औषध घेतल्यावर आईच्या मांडीवर छान झोपली. आई कौतुकाने बघत होती. नर्सने जाता जाता तिच्या ओठांकडे पाहिलं आणि धावली. हलवलं, हाका मारल्या, नळी लावली. "वाचली ती," तो म्हणाला. "सगळी वाचली. नर्स तिथे होती म्हणून. जिथे नर्स नसेल तिथे काय होणार?"

मामा, आता माझं ऐक. सरांच्या कच्च्या मसुद्यात होतं, "मुलांनी औषध सहन केले." मला ते वाक्य लंगडं वाटलं. मी ते नीट केलं: "सर्व मुलांनी औषध उत्तम प्रकारे सहन केले." 'सर्व' मी घातलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. ऐकायला बरं वाटतं म्हणून घातलं. मला दिलेल्या तक्त्यात ती मुलं नव्हतीच, पण मी विचारलंही नाही. सर वाचून म्हणाले, "बघा, याला म्हणतात भाषा." मी दिवसभर हवेत होते.

डॉक्टर घाईत असला की पूर्ण लेख वाचत नाही. तो ते एकच वाक्य वाचणार.

आणि आज सर म्हणाले, लेख तपासणाऱ्या परीक्षकांचे प्रश्न आले. म्हणाले, "तुझ्या मामांचं ऑफिस फार तत्पर आहे हं. लेख त्यांच्या टेबलावर अडकलाच नाही." मी खुर्चीचा हात घट्ट धरला. म्हणजे माझी भाषा, माझं लेखन, काही नाही. माझं नाव पहिलं आलं ते तू तिथे बसतोस म्हणून.

मामा, तो लेख तुझ्याकडे आलाय? खरं सांग. तुला कधीपासून माहीत आहे?

भिंगरी


२० फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात लेख आला. तुला अभिनंदनाचं पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी.

मी तुझं नाव पडद्यावर पाहिलं आणि मला ऑफिसात ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही. कुणाला सांगितलंही नाही की ही माझी भाची. वाटलं, आज नको, छापून आलं की सगळ्यांना दाखवू, तोंडात खडीसाखर धरून बसल्यासारखा बसलो. हीच पहिली चूक. नियम असा आहे की नात्यातलं कुणी दिसलं की लेख लगेच दुसऱ्या टेबलावर द्यायचा. हा नियम नवीन आलेल्यांना मीच शिकवतो.

मग ईमेल पाठवले. सगळ्यांची उत्तरं एका दमात आली, एकामागून एक, एकसारख्या शब्दांत. असं कधी होत नाही. माणसं असं उत्तर देत नाहीत. कुणी सुट्टीवर असतो, कुणी विसरतो, कुणी काहीतरी भलतंच लिहितो. इतर कुणाचा लेख असता तर तिथेच थांबवला असता आणि चांगली तंबी दिली असती. तुझा होता. तुझ्यापुढे "मोजमाप" लिहिलेलं होतं आणि तू तर मला कळवलं होतंस की मोजमाप तुझं नाही. तेही वाचलं. पुढे ढकलला. म्हटलं, तरुण पोरांची भांडणं, मिटतील.

मग तुझं दुसरं पत्र आलं. शीतगृह, चहा, "घरातलं कुणीतरी". मला सगळं लख्ख कळलं. त्या माणसाने मला न भेटता माझी किंमत बरोबर ओळखली होती. म्हणून तुला तसं पत्र लिहिलं. भेदरलो होतो. अजूनही भेदरलेलाच आहे. आमच्या संपादकबाईंच्या खोलीचं दार वाजलं तरी मी दचकतो. आयुष्यभर लोकांना विचारत आलो, तुम्ही खरंच तुम्ही आहात का, आणि मी असा निघालो.

आता ऐक. एक वाट आहे. लेखकांची यादी माझ्या पडद्यावरूनच बदलते. तुझं नाव मी काढून टाकू शकतो. एरवी सगळ्यांच्या सह्या लागतात, पण मी केलं तर कुणाच्या लक्षात यायचं नाही. तुझे सर तक्रार करणार नाहीत, त्यांना लेख छापून आल्याशी मतलब. तू सुटशील. उद्या काही निघालं तरी तुझा संबंध नाही. आईला सांगू की जर्नलने घोळ घातला.

फक्त 'कर' एवढं लिहून पाठव. मी करतो.

मामा


२४ फेब्रुवारी

मामा,

नको करूस.

तुझं पत्र आलं तेव्हा मला खूप हायसं वाटलं, हे आधी कबूल करते. कागदावर 'कर' लिहिलंही होतं. पाकीटही चिकटवलं. मग टपालपेटीपाशी मला ते वेगवेगळे मोजे आठवले आणि मी पाकीट परत आणलं.

माझं नाव काढलंस तर नाव जाईल. वाक्य तिथेच राहील ना? 'सर्व' तिथेच राहील. कुठल्या तरी गावातला डॉक्टर ते वाचेल आणि पोराच्या तोंडात चमचा घालेल. आणि ते मी लिहिलं हे कुणालाच कळणार नाही, फक्त तुला आणि मला. आपण दोघं एकमेकांसमोर कसे बसणार मग? सणासमारंभाला ताटावर बसून काय बोलणार?

मी तुमच्या संपादकबाईंना पत्र लिहिलंय. मोजमाप कुणी केलं, कुठली मुलं काढली, माझं 'होय' कुणी पाठवलं, सगळं. डुलकीरावानेही त्याचं लिहिलंय. आधी नाही म्हणत होता. "माझं काय जातं, मी तर आधीच बाहेर आहे," म्हणाला, आणि मग म्हणाला, "पण मला परत कुठे घेणारही नाहीत." तोही भितो, मामा. मला वाटत होतं फक्त मीच भिते.

तुझ्याबद्दल मी त्या पत्रात एक शब्द लिहिलेला नाही. ते तुझं तू सांगायचंस. माझं पत्र सोमवारी पोहोचेल. त्याआधी तू त्यांच्या खोलीत जाऊन बोल. नाहीतर असं होईल की मीच तुला पकडून दिलं, आणि ते माझ्याच्याने सहन होणार नाही. पाया पडते तुझ्या. मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो होतो तसं समज. या वेळी मी तुझ्या हाताला धरलंय असं समज.

हे पाकीट आत्ताच पेटीत टाकते.

भिंगरी


३ मार्च

भिंगरे,

गेलो.

शुक्रवारी ऑफिस सुटायच्या वेळी गेलो. दारापर्यंत दोनदा जाऊन पाणी प्यायला परत आलो. शिपाई म्हणाला, "साहेब, बरं नाही का?" मी म्हटलं, नाही. आणि आत शिरलो.

संपादकबाई कोट घालून निघायच्या बेतात होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, बसलो असतो तर बोललो नसतो. पहिली लेखिका माझी सख्खी भाची आहे. मी ते लपवलं. उत्तरं खोटी वाटत होती तरी लेख पुढे पाठवला. तिचं नाव गुपचूप काढायची तयारी मीच दाखवली होती, तिने नाही म्हटलं. हे शेवटचं सांगायची गरज नव्हती असं मामी म्हणते. पण एकदा तोंड उघडलं की अर्धवट ठेवायला जमेना.

त्यांनी कोट काढला आणि परत खुर्चीवर बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "तुम्ही? तुम्ही शिकवता सगळ्यांना." एवढंच. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

माझं टेबल काढून घेतलंय. मी पुढे पाठवलेले सगळे जुने लेख दुसरं कुणीतरी परत तपासणार आहे. मी सध्या मागच्या खोलीत जुने अंक लावत बसतो. नोकरी राहील की जाईल ते चौकशीनंतर. मामी म्हणते, घरी बसलास तर भांडी घासायला लावीन. ती हे म्हणाली तेव्हा मला रडू आलं, आणि तिलाही.

आता नीट समजून घे. यापुढे तुझ्या लेखाचं काय झालं ते मला कळणार नाही, आणि कानावर आलं तरी तुला सांगता येणार नाही. हे पत्रसुद्धा संपादकबाईंना सांगून लिहितोय. सोमवारी टपालाच्या गठ्ठ्यात तुझं पाकीट पाहिलं मी. तुझं अक्षर लांबूनच ओळखलं. हात लावला नाही.

इतकी वर्षं वाटायचं की मामा जर्नलमध्ये आहे, पोरीला आधार. आता तू तिथे एकटी आहेस आणि मी इथे धूळ झटकतोय. जीव टांगणीला लागलाय माझा. रोज दोन ओळी तरी लिही. सरांनी बोलावलं तर दार उघडं ठेवून बस.

तुझा मामा


१५ मार्च

मामा,

बोलावलं. दार मी उघडं ठेवलं, त्यांनी उठून लावलं.

मला वाटलं होतं ओरडतील. मी त्यासाठी मन घट्ट करून गेले होते. पण ते अगदी शांत होते. "बस," म्हणाले. "तुझ्या त्या जर्नलमधून लेख मागे घेतलाय. फार शंकेखोर लोक आहेत. दुसरी पुष्कळ जर्नलं आहेत." मग म्हणाले, "तुला नाव नको होतं ना? काढलंय." मी म्हटलं, सर, नावाचं नाही, ती मुलं. त्यांनी ऐकलंच नाही असं केलं. समोरचा कागद उचलून मोठ्याने वाचलं: "सर्व मुलांनी औषध उत्तम प्रकारे सहन केले." माझ्याकडे बघून हसले. "वाक्य छान आहे तुझं. हे ठेवतोय."

मग त्यांनी प्रयोगशाळेचा पास मागितला, मी दिला. बाहेर आले. जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. यंत्रावरची मुलगी जवळून गेली, थांबली नाही, पण जाता जाता माझ्या खांद्याला हात लावून गेली.

तुमच्या संपादकबाईंचं पत्र आलंय. लेख मागे घेतला तरी त्यांनी हॉस्पिटलला कळवलंय. ते औषध तिथे आता बंद आहे, चौकशी होईपर्यंत. डुलकीरावाला तिथल्या नर्सने सांगितलं. ती म्हणाली, ती मोज्यांची पोरगी मला अजून दिसते. हॉस्पिटलच्या समितीने आम्हा दोघांना उद्या बोलावलंय. सरही असतील. टेबलाच्या पलीकडे.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. सांगायला फार भ्याले, समितीला भीत नाही एवढी. ती ऐकता ऐकता ओट्यावरचं एकच भांडं पुसत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पहिलं नाव नाही?" मी म्हटलं, नाही, आई. नावच नाही. डॉक्टरेटही आता होईल असं वाटत नाही. तिने भांडं पालथं घातलं आणि आत गेली. मला वाटलं संपलं.

थोड्या वेळाने आली. म्हणाली, काकूंना मी सांगते काय ते, तू जिन्यात तोंड लपवू नकोस.

मामा, उद्या मी काय सांगणार ते ठरलंय. नाव काढलं म्हणून ते वाक्य त्यांचं होत नाही. ते मी लिहिलंय. ते कुठल्याही जर्नलमध्ये, कुणाच्याही नावाखाली छापून येऊ दे, मी तिथे लिहीन की हे वाक्य माझं आहे आणि हे खोटं आहे. प्रत्येक वेळी लिहीन. मोजमाप डुलकीरावाचं, वाक्य माझं. याहून जास्त माझ्याकडे काही नाही.

पण मला भीती वाटतेय. ते टेबलापलीकडून तसेच हसले तर माझा आवाजच फुटणार नाही. आईला हे बोलले. ती म्हणाली, मी येते तुझ्याबरोबर. मी म्हटलं, तुला आत घेणार नाहीत. ती म्हणाली, "नको घेऊ देत. मी बाहेर बाकावर बसते. तुला बाकीचं काही सुचलं नाही तर एवढंच सांग, 'सर्व' नाही. आणि बाहेर ये."

तुझी भिंगरी